न्यूयॉर्क किती लांब, आणि तिकिटावर सोळा तास का?

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी ते आणि त्यांच्या पत्नी मे महिन्यात न्यूजर्सीला निघालेत. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान. इंटरनेटवर अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसतं, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे चौदा तास व्हायला हवेत. तिकिटावर मात्र १५ मे, रात्री १:३० ला मुंबई आणि १५ मे, सकाळी ८:०० ला न्यूयॉर्क, म्हणजे साडेसहाच तास. त्याच्याच खाली बारीक अक्षरात १६ तास. परतीच्या तिकिटावर साडेचौदा. यातला खरा आकडा कोणता, येताना दीड तास कुठे वाचतो, आणि सोलापूरहून नेमकं कधी निघायचं, असं त्यांनी विचारलंय.

सर, माझी सगळी नोकरी विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये गेली. वैमानिक विमानात चढण्याआधी त्या दिवसाचा मार्ग, वारा, इंधन आणि अडचण आली तर कुठे उतरायचं याचा हिशेब बांधून देणं, हे आमचं काम. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. तुमच्या चार आकड्यांत चुकीचा एकही नाही, पण तुमच्या उपयोगाचा एकच आहे, सोळा तासांचा. आणि त्याला सोलापूर ते मुंबई जोडल्याशिवाय त्याचाही उपयोग नाही.

आधी अंतर. साडेबारा हजार हा आकडा पृथ्वीच्या गोलावरून मोजलेल्या सर्वांत जवळच्या वाटेचा आहे. भूगोलात आपण त्याला बृहद्वृत्त म्हणतो. तुमच्या शाळेत पृथ्वीगोल असेलच. सोलापुरात सुताला तोटा नाही, चादरीचं एक लांब सूत घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशात रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. सूत तिकडे फिरकतच नाही. ते मुंबईहून वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे निघतं, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया ओलांडून रशियात शिरतं, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे करत आइसलंडच्या दक्षिण भागावर येतं, ग्रीनलंडच्या शेंड्याला खालून चाटून कॅनडात लॅब्राडोरला पोचतं आणि मग न्यूयॉर्क. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४१ च्या जरा अलीकडे, पण मधली वाट जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढते. नकाशावरच्या सरळ रेघेने, म्हणजे एकच दिशा धरून गेलात, तर १४,२०० किलोमीटरच्या आसपास भरतं. सतराशे किलोमीटर जास्त! हे मुलांना गोलावर नक्की दाखवा. फळ्यावर कितीही सांगितलं तरी सूत ताणल्याशिवाय ते पटत नाही.

पण विमान त्या सुतावरून जातच नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं असतं, आणि काही आकाशं बंद असतात. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. त्याचा जास्त फटका दिल्लीला बसला. दिल्लीहून पश्चिमेकडे जायला पाकिस्तान आडवाच येतो, त्यामुळे त्या काळात अमेरिकेची काही विमानं इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरवावी लागली. मुंबईचं बरं आहे. इथून विमान थेट अरबी समुद्रावर जातं आणि ओमानच्या बाजूने पश्चिम आशिया, तुर्कस्तान, युरोप असं वर सरकतं. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकचं आकाशही काही दिवस मिटलं होतं, तेव्हा हाही मार्ग मोडून नवा बांधावा लागला. म्हणून मुंबई-न्यूयॉर्कचं प्रत्यक्ष उडालेलं अंतर आज १३,००० च्या पुढे जातं आणि रोज तेवढंच असतं असंही नाही. अंतर सांगणाऱ्या वेबसाइटला यातलं काहीही ठाऊक नसतं. ती दोन बिंदूंचे अक्षांश-रेखांश घेते आणि सूत ताणते.

आता वारा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून थोडं सावकाश वाचा.

तीस ते चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून ते तयार होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, तेव्हा वारेही जास्त जोरात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हे तिथे नित्याचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,२८० किलोमीटरच्या वर गेला होता. विमान स्वतः नेहमीच्याच वेगाने हवा कापत होतं, पण ती हवाच पुढे धावत होती.

आमच्या फ्लाइट प्लॅनच्या कागदावर मार्गातल्या प्रत्येक टप्प्याची एक ओळ असते. त्यात टप्प्याचं पाच अक्षरी नाव, उंची, वारा, जमिनीवरचा वेग, पुढच्या टप्प्याला लागणारी मिनिटं आणि तिथे टाकीत उरायला हवं ते इंधन. समजा ओळीत उंची ३४० आणि वारा २८०/८५ असं लिहिलंय. याचा अर्थ विमान ३४,००० फुटांवर आहे आणि वारा पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडून ८५ नॉटने, म्हणजे ताशी साधारण १५७ किलोमीटरने येतोय. विमान पश्चिमेकडे चाललं असेल तर त्या टप्प्यात ९०० चा वेग ७५० च्या आसपास उतरतो. उड्डाणानंतर वैमानिक प्रत्येक टप्प्यावर घड्याळ आणि उरलेलं इंधन त्या ओळीशी ताडून बघतो. फरक पडू लागला की उंची बदलायची का, वाट बदलायची का, याचा विचार सुरू होतो. असे पन्नासेक टप्पे जोडत गेलं की सोळा तास तयार होतात.

तुमच्या प्रवासाचा ठोकळ हिशेब मांडू. मार्ग १३,१०० किलोमीटरचा धरा. जाताना सगळ्या वाटेवरचा समोरचा वारा सरासरी ताशी ४५ किलोमीटर धरला तर वेग ८५५, म्हणजे हवेत सव्वापंधरा तासांच्या वर. येताना पाठीशी सरासरी ५५ धरा, वेग ९५५, म्हणजे पावणेचौदा तासांना जरा कमी. दोन्हीकडे पाऊण तास वरचा घाला. मुंबईत गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढताना आणि उतरताना लागणारा वेळ, तिकडे पोचल्यावर गेट रिकामं व्हायची वाट पाहणं, हे सगळं त्यात आलं. जाताना सोळा, येताना साडेचौदा. तुमचं तिकीट अगदी बरोबर आहे.

या गेट ते गेट वेळेला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. चाकांपुढचे ठोकळे काढले तेव्हापासून दुसरीकडे ठोकळे लावले तोपर्यंत. तिकिटावर कायम हाच वेळ असतो. म्हणून विमान जमिनीला टेकल्यावर लगेच, 'वीस मिनिटं आधी आलो' म्हणून उठून उभं राहायचं नाही. गेट मिळेपर्यंत ती वीस मिनिटं बहुतेक वेळा खर्ची पडतात. कंपन्या ऋतूप्रमाणे हा वेळ बदलतातही. हिवाळ्याच्या वेळापत्रकात पश्चिमेकडे जायला जास्त वेळ दिसला तर तो वाऱ्यामुळे.

एक शंका मला सोलापुरात फार जणांनी विचारली आहे, तुमच्या वर्गातही कुणीतरी विचारली असेल. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेलं विमान लवकर पोचायला हवं, न्यूयॉर्क आपणहून सामोरं येतंय की! मुंबईची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे जाते. पण आपल्या भोवतीची हवाही त्याच वेगाने बरोबर फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. धावत्या रेल्वेच्या डब्यात डास पुढे-मागे सारख्याच सहजतेने उडतो, तसंच. फरक पडतो तो हवा जमिनीच्या तुलनेत जेवढी सरकते तेवढाच, आणि त्यालाच आपण वारा म्हणतो.

अटलांटिकवर तर रोज नवे रस्ते आखले जातात. कॅनडातलं गॅन्डर आणि ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूचं शॅनविक, ही दोन केंद्रं वाऱ्याचा अंदाज बघून दिवसातून दोनदा समांतर मार्ग जाहीर करतात. युरोपहून अमेरिकेला जाणारे दिवसाचे, उलटे येणारे रात्रीचे. येणाऱ्यांना जेट स्ट्रीमच्या पोटातून, जाणाऱ्यांना त्याला बगल देऊन. जाताना लांबची वाट धरूनही लवकर पोचता येतं ते यामुळेच, आणि म्हणून डिस्पॅचर किलोमीटर वाचवत बसत नाही, मिनिटं आणि इंधन वाचवतो.

इंधनाचंही सांगतो. एवढ्या लांब जाणारं ७७७ जातीचं मोठं विमान ताशी सात-आठ टन इंधन पितं. वाटेच्या इंधनावर काही टक्के जादा, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्याच्याही वर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं, असं सगळं घेऊनच विमान निघतं. त्याचं उड्डाणाचं कमाल वजन साडेतीनशे टनांच्या आसपास आहे, त्याच्या पुढे जाता येत नाही. वाट लांबली की इंधन वाढतं आणि तेवढा माल खाली ठेवावा लागतो. वजन जास्त म्हणून सुरुवातीला विमान तीस-एकतीस हजार फुटांवरच राहतं आणि इंधन जळत जाईल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. रात्री तीनला समोरच्या पडद्यावर उंची अचानक दोन हजारांनी वाढलेली दिसली तर घाबरू नका. वहिनींनाही हे आधीच सांगून ठेवा.

साडेसहा तासांचा घोळ घड्याळांचा आहे. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तुम्ही रात्री १:३० ला निघता तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे दुपारचे चार वाजलेले असतात, त्यात सोळा मिळवा, सकाळचे आठ. येताना दुपारी १२:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला मुंबई दिसतं, घड्याळात चोवीस तास, त्यातून साडेनऊ वजा करा, साडेचौदा. मात्र परतीची तारीख पुढे ढकलणार असाल तर लक्षात ठेवा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा साडेनऊवर येतो. विमानाचं वेळापत्रकही त्या सुमाराला बदलतं.

थेट जावं की मधे उतरून, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सत्तरीच्या घरात आहात म्हणून सांगतो. दुबईमार्गे अंतर होतं जवळपास १२,९३० किलोमीटर, म्हणजे सुतापेक्षा चारशेच जास्त. फ्रँकफर्टमार्गे तर सव्वादोनशेच्या आसपासच जास्त. ही शहरं वाटेवरच आहेत. तिथे वाढतो तो थांब्याचा वेळ. तीन-चार तासांचा थांबा असेल तर पायांना आणि पाठीला तो बराच असतो, सलग सोळा तास बसण्यापेक्षा मला तो बरा वाटतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर दोन्हीकडे व्हीलचेअरची नोंद तिकिटाबरोबरच करून ठेवा. स्वस्त म्हणून कुणी सिंगापूरमार्गे तिकीट दाखवलं तर सरळ नाही म्हणा. सिंगापूर-न्यूयॉर्क हे जगातल्या सर्वांत लांब उड्डाणांतलं, एकट्याचंच १५,३०० किलोमीटरच्या वर आणि अठरा तासांच्या पुढचं. मुंबईहून आधी उलट दिशेला ३,९०० किलोमीटर जायचं ते वेगळंच.

हैदराबादचाही विचार करा. सोलापूरहून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, घाट नाही, आणि शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर. आखाती देशांमार्गे जाणार असाल तर आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींना मुंबईपेक्षा ते सोपं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १५ तारखेला रात्री १:३० चं विमान म्हणजे तुम्ही १४ ला विमानतळावर असायला हवं. १५ च्या सकाळी सोलापूरहून निघालेल्या माणसाचं विमान त्याआधीच उडालेलं असतं. हे शिकल्यासवरल्या घरांत होतं, कारण तिकिटावर १५ छापलेलं असतं आणि आपल्या डोक्यात दिवस सकाळी सुरू होतो. कॅलेंडरवर १४ तारखेला 'रात्री विमानतळ' असं आत्ताच लिहा.

नऊ-साडेनऊला टर्मिनल दोनच्या दारात पोचायचं हे पक्कं धरा. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, आणि अमेरिकेच्या विमानांना बोर्डिंगच्या वेळी आणखी एक तपासणी होऊ शकते. तिथून उलटं मोजा. वंदे भारत सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटते, दादरला दुपारी उतरवते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं बघून घ्या. हाताशी आठ-नऊ तास राहतात, आणि तुमच्या वयाला मी हेच सांगेन. दादर-पार्ल्याला नातेवाईक असतील तर जेवून पडी टाका, नसेल तर विमानतळाजवळ खोली घ्या. गाडीने गेलात तर मुंबई चारशे किलोमीटर. पुण्याबाहेरची कोंडी आणि द्रुतगती मार्गावरचा घाट धरून दहा तास हातात ठेवा. सोळा तासांच्या उड्डाणात अर्ध्या तासाचा फरक पडतो तो आधी कळतो, पण सोलापूर-मुंबईत चार तास कुठे जातील ते कुणी सांगू शकत नाही.

सोलापुरातच, होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून मुंबईला विमान मिळत असेल तर मोह होणारच. आपल्या विमानतळासाठी सोलापूरने फार वाट पाहिली. धावपट्टीच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं, २०२५ मध्ये गोवा आणि मग मुंबईची सेवा सुरू झाली. हवेतून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या जरा पुढे, तासाभराचं काम. पण ते तिकीट वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या पीएनआरवर असेल तर एक गोष्ट समजून घ्या. पहिलं विमान रद्द झालं आणि त्यामुळे न्यूयॉर्कचं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. त्या विमानाने जायचंच असेल तर ते सुटायच्या वेळी मुंबईच्या शेवटच्या गाडीचाही पर्याय हातात हवा. नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम आहे की एनएमआय, हे दोन्ही तिकिटांवर वाचा. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून बरेच लांब आहेत.

शेंगा चटणी लेकीसाठी नेणारच, ती मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलीहून जास्त भुकटी असली की अडवतात.

परतीला दुपारी १२:३० ला मुंबईत ठोकळे लागले तरी इमिग्रेशन, सामान, कस्टम करून बाहेर यायला दोन वाजतात. संध्याकाळी चारच्या सुमाराची वंदे भारत कागदावर बसते, पण विमानाला दोन तास उशीर झाला तर ती गेली. आणि तुम्ही पावसाळ्यात परतणार असाल तर लोणावळ्याच्या घाटात दरड आली की तीही उशिरा. त्या दिवशीची रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, सकाळी घरी.